विश्लेषण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून खटला! र. धों. कर्वे यांची लढाई नेमकी कशाशी होती?

घरात विचारता येत नाही, डॉक्टरांसमोर लाज वाटते, मित्रांना विचारले तर चेष्टा होते. असे प्रश्न आज आपण रात्री उशिरा मोबाइलवर टाइप करतो आणि उत्तर वाचून झाले की हिस्टरी डिलीट करतो. नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस हेच प्रश्न पोस्टकार्डावर किंवा बंद पाकिटात लिहून मुंबईला पाठवत असे. तिकडे एक माजी गणिताचे प्राध्यापक ती पत्रे वाचत आणि आपल्या मासिकात उत्तरे छापत. १९३४ मध्ये या उत्तरांवरूनच त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले. त्यांची बाजू मांडायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हे प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांनी नेमके काय केले, त्यांना विरोध का झाला आणि आज त्यांची आठवण कशासाठी ठेवायची, हे समजून घेऊ.

र. धों. कर्वे कोण होते?

रघुनाथ कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरूड येथे झाला. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. रघुनाथ अत्यंत हुशार विद्यार्थी होते. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये ते बी. ए. झाले. गणित हा त्यांचा विषय. पुढे गणिताच्या अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले आणि फ्रेंच भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात ते गणिताचे प्राध्यापक होते.

इथपर्यंतचे चरित्र त्या काळातल्या कोणत्याही सुशिक्षित, सुस्थित मराठी कुटुंबातले वाटेल. १९२१ नंतर मात्र सगळे बदलले. त्या वर्षी कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र उघडले तेही १९२१ मध्येच. म्हणजे ज्या विषयावर इंग्लंडमध्ये नुकतीच कुठे सुरुवात होत होती, त्या विषयावर त्याच वर्षी मुंबईत काम सुरू झाले होते. त्यामागे ना सरकार होते, ना एखादी मोठी संस्था. एक प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई, एवढेच मनुष्यबळ.

घरातून त्यांना काय मिळाले?

रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये त्यांच्या आई राधाबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. आज ही घटना इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात येते. १८९३ मध्ये तिची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागत होती. मुरूडच्या समाजाने कर्वे कुटुंबावर बहिष्कार टाकला. अकरा वर्षांच्या मुलाने हे सारे जवळून पाहिले. शास्त्रात नाही म्हणून एखादी गोष्ट चूक ठरते आणि ती करणाऱ्याला गाव वाळीत टाकते, हा धडा त्याला शाळेत जाऊन शिकावा लागला नाही.

वडील आणि मुलगा यांच्या कामात एक फरक मात्र लक्षात घ्यायला हवा. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षण यांच्या बाजूने बोलताना त्या काळातले अनेक सुधारक धर्मग्रंथांतले आधारही शोधत. शास्त्राला हे मान्य आहे, असे दाखवता आले तर समाजाला पटवणे सोपे जाई. रघुनाथरावांनी हा मार्गच सोडून दिला. ते निरीश्वरवादी आणि बुद्धिवादी होते. एखादा उपाय योग्य की अयोग्य हे त्याच्या परिणामांवरून ठरते, त्यासाठी कोणत्याही ग्रंथाची परवानगी लागत नाही, अशी त्यांची भूमिका होती. वडिलांना समाजाने आधी झिडकारले आणि पुढे डोक्यावर घेतले. मुलाच्या वाट्याला हयातीत असा स्वीकार आला नाही. त्याची बरीच कारणे या फरकात सापडतात.

१९२१ मध्ये असे केंद्र का हवे होते?

लोकसंख्या फार वाढली म्हणून, असे उत्तर आज पटकन सुचेल. पण आकडे वेगळे सांगतात. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढली नव्हती, उलट किंचित घटली होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने लाखो माणसे नेली होती. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी भरली. 'लोकसंख्येचा स्फोट' हा शब्दप्रयोग तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

कर्व्यांसमोर होती ती घराघरातली बाई. कोवळ्या वयात लग्न, त्यानंतर एकामागून एक बाळंतपणे, त्यातली काही मुले दगावणार हे गृहीत धरलेले आणि अंगातले रक्त आटत चाललेले. बाळंतपणात बाई गेली तर नवऱ्याने दुसरे लग्न करायचे, हा रिवाज. मूल हवे की नको, कधी हवे, हे बाईला कुणी विचारत नव्हते. शरीर तिचे आहे, तेव्हा निर्णयातही तिचा वाटा हवा, असे कर्वे सांगत होते. त्या काळात संततिनियमनाचे समर्थन करणारे अनेक जण राष्ट्राची ताकद, पुढच्या पिढीची गुणवत्ता अशी मोठमोठी कारणे देत. कर्व्यांचा भर स्त्रीचे आरोग्य, तिचे स्वातंत्र्य आणि तिचे सुख यांवर होता. पुरुषाइतकाच स्त्रीलाही शरीरसुखाचा हक्क आहे, हे ते उघडपणे लिहीत. त्यांच्यावर सर्वाधिक राग निघाला तो याच मुद्द्यामुळे.

तेव्हा कोणती साधने उपलब्ध होती?

गर्भनिरोधक गोळी बाजारात यायला १९६० साल उजाडावे लागले. तांबीही त्यानंतरची. १९२१ मध्ये उपलब्ध साधने साधी होती. पुरुषांसाठी रबरी निरोध. स्त्रियांसाठी गर्भाशयाच्या तोंडावर बसणारी रबरी टोपी किंवा पडदा. त्याच्या जोडीला शुक्रजंतू निष्प्रभ करणारी औषधी द्रव्ये. या सगळ्यांमागचे तत्त्व एकच आहे. शुक्रजंतू आणि स्त्रीबीज यांची गाठ पडली नाही तर गर्भ राहत नाही. म्हणून मध्ये अडथळा उभा करायचा.

यात जीवहत्या नव्हती, कारण जीव तयारच होत नव्हता. गर्भपात आणि गर्भनिरोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागे. पुरुषांच्या नसबंदीचेही तसेच. त्या शस्त्रक्रियेत शुक्रजंतू वाहून नेणारी नळी कापून बंद केली जाते. पुरुषी संप्रेरके थेट रक्तात मिसळतात, त्यांचा या नळीशी संबंध नसतो. त्यामुळे शक्ती कमी होत नाही की इच्छा. कर्व्यांनी हे केवळ लिहिले नाही. मूल होऊ न देण्याचा निर्णय त्यांनी आणि मालतीबाईंनी मिळून घेतला आणि कर्व्यांनी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतली.

१९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे त्यांचे पुस्तक आले. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा, हाही त्यांच्या लेखनाचा विषय होता. उपदंशाचा जंतू १९०५ मध्ये सापडला होता आणि त्यावरचे पहिले प्रभावी औषध १९१० मध्ये आले होते. तरीही हा रोग म्हणजे पापाचे फळ, असेच बहुसंख्य लोक मानत. पाप म्हटले की रोग लपवला जातो, लपवला की तो बायकोला आणि पुढे मुलाला होतो. हा रोग जंतूमुळे होतो, हे सांगणे त्यामुळेच महत्त्वाचे होते.

धर्माचा आक्षेप नेमका काय होता?

विरोध एका धर्माचा नव्हता, हे या कथेतले महत्त्वाचे वळण आहे. सनातनी हिंदूंच्या मते पुत्रप्राप्ती हे कर्तव्य, कारण पितृऋण त्याशिवाय फिटत नाही. संयम जमत नसेल तर संततीला सामोरे जावे, साधने वापरून पळवाट काढू नये. ख्रिस्ती परंपरेतही अपत्य हे ईश्वराचे देणे. कॅथलिक चर्चचे प्रमुख पोप पायस अकरावे यांनी डिसेंबर १९३० मध्ये कृत्रिम गर्भनिरोधाला स्पष्ट मनाई केली. गंमत म्हणजे त्याच वर्षी अँग्लिकन बिशपांनी लंडनमधील परिषदेत मर्यादित परिस्थितीत त्याला मोकळीक दिली होती. ग्रंथ तोच असून दोन निष्कर्ष निघाले, ही बाब बोलकी आहे.

महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता. कुटुंब लहान असावे हे त्यांना मान्य होते, पण त्यासाठी ब्रह्मचर्य हाच मार्ग आहे, असे ते मानत. अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या होत्या. दोघांची चर्चा झाली, मतभेद मिटले नाहीत. कर्वे गांधींच्या या भूमिकेचे कठोर टीकाकार होते. सर्वसामान्य जोडप्याला आयुष्यभर जमणार नाही असा उपाय सांगणे म्हणजे उपाय न सांगण्यासारखेच आहे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

या सर्व आक्षेपांच्या मुळाशी एक समान भीती होती. परिणामांची धास्ती उरली नाही तर लोक, विशेषतः बायका, बिघडतील. कर्व्यांचे म्हणणे असे की, ज्या नीतीला टिकून राहण्यासाठी नको असलेल्या गर्भाची आणि रोगाची भीती लागते, ती नीती मुळातच तपासून पाहायला हवी.

प्राध्यापकपद का गेले?

विल्सन महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी चालवलेले होते. आपला प्राध्यापक जाहीरपणे संततिनियमनाचा प्रचार करतो, हे संस्थेला मानवणारे नव्हते. नोकरी ठेवायची तर प्रचार थांबवा, असा पेच १९२० च्या दशकाच्या मध्यात उभा राहिला. कर्व्यांनी राजीनामा दिला. हिंदू सनातनी आणि ख्रिस्ती मिशनरी एरवी एकमेकांच्या विरोधात उभे असत. या एका मुद्द्यावर मात्र त्यांचे एकमत होते.

मध्यमवर्गीय घरात नोकरी सोडणे म्हणजे काय, हे कोणालाही वेगळे सांगायला नको. महिन्याचा पगार थांबला. हाती उरले ते सल्ला केंद्र, लेखन आणि पदरमोड. मालतीबाईंनी या काळात भक्कम साथ दिली. मूल नाही म्हणून समाज बाईलाच बोल लावतो. मालतीबाईंनी हे बोल ऐकले असतील, तेही स्वेच्छेने घेतलेल्या निर्णयासाठी. या लढाईचा हिशेब मांडताना त्यांचे नाव तळटीपेत टाकून चालणार नाही.

'समाजस्वास्थ्य'मध्ये काय असायचे?

जुलै १९२७ मध्ये कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. व्यक्तीचे आणि समाजाचे शारीरिक व मानसिक आरोग्य, हा त्याचा विषय. संततिनियमन, गुप्तरोग, आहार, विवाहसंस्था, वेश्याव्यवसाय, धर्मातील विसंगती, पुस्तक परीक्षणे असा मजकूर त्यात येई. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीर लाजिरवाणे नाही, हे वाचकाच्या मनावर ठसावे, असा त्यामागचा हेतू. पण याच मुखपृष्ठामुळे मासिक चोरून वाचण्याची गोष्ट बनले.

मासिकाचा सर्वांत जिवंत भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि कर्व्यांची उत्तरे. हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का? मूल न होण्यात दोष नेहमी बाईचाच असतो का? समलिंगी आकर्षण हा आजार आहे का? त्या काळातल्या वर्तमानपत्रांत शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती भरभरून येत. वीर्यनाशाने शरीराचा ऱ्हास होतो, ही भीती तरुणांच्या मनात आधी पेरायची आणि मग तिच्यावरची बाटली विकायची, असा तो धंदा. त्या जाहिराती बिनबोभाट छापल्या जात. ही भीती निराधार आहे, असे लिहिणारा संपादक मात्र अश्लील ठरत होता.

पहिला खटला आणि दुसरा खटला

१९३१ मध्ये 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. पुण्यातील सनातनी मंडळींनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. कर्व्यांना १०० रुपये दंड झाला. उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले. दुसरा कुणी असता तर त्याने भाषा सौम्य केली असती. कर्व्यांनी मासिक आहे तसेच चालू ठेवले.

१९३४ मध्ये दुसरा खटला उभा राहिला. या वेळी कारण होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरचे ते प्रश्न होते. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. आंबेडकरांनी. तोपर्यंत महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा आणि पुणे करार होऊन गेला होता. आंबेडकर देशभर परिचित नेते होते. इतक्या बदनाम विषयात नाव गुंतवून घेण्याची त्यांना काहीच गरज नव्हती.

त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा. मासिकाचा विषय लैंगिक आरोग्य आहे. वाचकाने त्या विषयावर प्रश्न विचारला तर संपादकाने उत्तर देणे हे त्याचे कामच आहे. प्रश्न विकृत आहे असे मानले तरी ज्ञान देऊनच विकृती दूर होते, गप्प बसून ती दूर होत नाही. समलिंगी आकर्षणावर हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांनी केलेला अभ्यास न्यायालयासमोर ठेवण्यात आला. हा आकर्षणाचा जन्मजात प्रकार असू शकतो, तेव्हा त्यावर लिहिणे गुन्हा कसा, असा मुद्दा होता. हे १९३४ साल होते. समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये आला.

एप्रिल १९३४ मध्ये निकाल लागला. आंबेडकर खटला हरले आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

आंबेडकरांचा या विषयातला रस त्या एका खटल्यापुरता नव्हता. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यासाठीचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. तो ठरावही मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

कायदा काय म्हणत होता?

येथे थोडे तांत्रिक तपशील पाहू, कारण खरी मेख त्यात आहे. तेव्हा अश्लीलतेचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली येत असे. अश्लील कशाला म्हणायचे, यासाठी १८६८ च्या 'हिकलिन' या इंग्रजी खटल्याची कसोटी वापरली जाई. ज्यांचे मन सहज बिघडू शकते अशा व्यक्तीच्या हाती मजकूर पडला तर ती बिघडेल का, एवढेच पाहायचे. संपूर्ण पुस्तक काय सांगते, लेखकाचा हेतू काय, याला फारसे महत्त्व नव्हते. म्हणजे प्रौढांसाठी लिहिलेले आरोग्यविषयक मासिकही सर्वांत कच्च्या मनाच्या वाचकाच्या मापाने मोजले जात होते.

याहून महत्त्वाची बाब पुढे आहे. कलम २९२ मध्ये एक अपवाद होता. धार्मिक कारणासाठी ठेवलेले साहित्य, मंदिरांवरची शिल्पे, देवाच्या रथावरची चित्रे यांना हे कलम लागू होत नसे. धर्माला कायद्याने सूट दिली होती. विज्ञानाला अशी सूट नव्हती. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञानाच्या हितासाठी केलेले लेखन यांचा अपवाद या कलमात आला तो १९६९ मध्ये. तोपर्यंत कर्व्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती.

त्यामुळे १९३४ चा खटला आज जसा दिसतो, तसा बरोबरीचा सामना नव्हताच. शरीराचे चित्रण दगडात कोरून मंदिराच्या भिंतीवर चालत होते. त्याच शरीराची माहिती कागदावर छापली की गुन्हा होत होता. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात कायम ठेवली. ती सोडून देऊन समकालीन समाजाच्या निकषांवर अश्लीलता तपासावी, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले ते २०१४ मध्ये.

विज्ञानही चुकत नव्हते का?

चुकत होते, आणि याचे उत्तम उदाहरण याच विषयातले आहे. मासिक पाळीच्या चक्रातले कोणते दिवस 'सुरक्षित', याबद्दल डॉक्टर मंडळी कित्येक दशके नेमका उलटा सल्ला देत होती. दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात स्त्रीबीज साधारण त्याच सुमारास बाहेर पडते, म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हे गणित दुरुस्त केले.

धर्मग्रंथाच्या बाजूने बोलणारे आजही अशा चुकांकडे बोट दाखवतात. विज्ञान कालपर्यंत एक सांगत होते, आज दुसरेच सांगते, मग विश्वास कशावर ठेवायचा? या प्रश्नात तथ्य आहे, पण त्याचे उत्तरही त्यातच आहे. सुरक्षित दिवसांबद्दलची चूक शोधली ती निरीक्षण आणि मोजमाप करणाऱ्यांनी. जुना सल्ला मोडीत काढला म्हणून ओगिनोंवर धर्मबुडवेपणाचा आरोप करण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती. इंजिनीअरिंगला प्रयोगशाळेत आम्हाला वाचनांबरोबर त्रुटीचे प्रमाणही लिहावे लागे. ते न लिहिणाऱ्याचे जर्नल परत येत असे. आपण किती चुकू शकतो हे आधीच मांडून ठेवणे, ही या पद्धतीची ताकद आहे. गणित शिकवणाऱ्या कर्व्यांना हे सांगावे लागले नसते.

कर्वे कुठे कमी पडले?

कौतुकाबरोबर हाही प्रश्न विचारायला हवा. १९३१ मध्ये भारतात साक्षरतेचे प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास होते, स्त्रियांमध्ये तर त्याहून बरेच कमी. छापील मराठी मासिक ज्या बाईसाठी होते, तिच्यापर्यंत ते पोहोचणे अवघड होते. त्यातच मुखपृष्ठामुळे ते घरात उघड्यावर ठेवता येत नसे. कर्व्यांची भाषा थेट, अनेकदा बोचरी होती. समोरच्याला सांभाळून घेत, एक एक पायरी चढवत नेण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे सहानुभूती असलेले लोकही चार हात लांब राहिले. वेगळ्या भाषेत तेच सांगितले असते तर जास्त लोकांपर्यंत पोहोचले असते का, यावर वाद होऊ शकतो. मात्र विषयच निषिद्ध असताना सौम्य भाषेने खटला टळला असता, असे मानायला फारसा आधार नाही.

शेवट कसा झाला?

कर्वे यांनी २६ वर्षे मासिक चालवले. मालतीबाई त्यांच्या आधी काही वर्षे गेल्या. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले. त्यानंतर 'समाजस्वास्थ्य'चा नोव्हेंबरचा अंक निघाला, तो शेवटचा.

या काळात देश बदलला होता. १९३० मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी संततिनियमन केंद्र सुरू केले होते. १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्व्यांची नोकरी गेली, ते त्यांच्या हयातीतच सरकारी धोरण झाले. त्यांना झालेला दंड मात्र कोणी परत केला नाही.

वडील महर्षी कर्वे मुलाच्या पश्चात नऊ वर्षे जगले. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. रघुनाथरावांचे नाव पुढे बराच काळ विस्मरणात गेले. २००१ मध्ये अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट आला. किशोर कदम यांनी त्यात कर्व्यांची, तर सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंची भूमिका केली. पुढे अजित दळवी यांनी लिहिलेले आणि अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक रंगभूमीवर आले. नव्या पिढीला कर्वे कळले ते मुख्यतः या दोन कलाकृतींमधून.

आज हे का वाचायचे?

पहिले कारण आकड्यांत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारताचा एकूण प्रजनन दर २.० पर्यंत आला आहे, महाराष्ट्राचा तर १.७. संततिनियमन समाजाने स्वीकारले, यात शंका नाही. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. आधुनिक साधनांत स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असूनही हे चित्र आहे. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने स्वतःवर करून दाखवलेली गोष्ट करायला आजचे पुरुष तयार नाहीत. आपण साधने घेतली, त्यामागचा विचार मागेच ठेवला.

दुसरे कारण शाळेत आहे. २००७ मध्ये किशोरवयीनांसाठीच्या लैंगिक शिक्षण कार्यक्रमाला महाराष्ट्रासह काही राज्यांनी संस्कृतीचे कारण देऊन रोखले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज अधोरेखित केली आणि ते भारतीय मूल्यांच्या विरोधात आहे, हा समज दूर करायला हवा, असे मत नोंदवले. म्हणजे १९३४ मधला वाद अजून पूर्ण निकालात निघालेला नाही.

तिसरे कारण आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे. प्रश्न तेच आहेत. उत्तरे मात्र आता बंदीमुळे अडत नाहीत, गर्दीत हरवतात. शक्तिवर्धक बाटलीची जाहिरात वर्तमानपत्रातून रीलमध्ये आली आहे. अमुक ग्रंथात सगळे विज्ञान आधीच सांगितले आहे, असा दावा करणारा व्हिडिओ आणि लसीने वंध्यत्व येते सांगणारा फॉरवर्ड एकाच ग्रुपवर येऊन पडतात. अशा वेळी कर्व्यांची पद्धत वापरता येईल. दावा कोणी केला यापेक्षा तो तपासला कोणी आणि कसा, हे आधी विचारायचे. तपासण्याची सोयच नसेल तर तो बाजूला ठेवायचा. आणि एखाद्याने संकोच बाजूला ठेवून प्रश्न विचारला, तर त्याला गप्प न बसवता उत्तर द्यायचे. यासाठी आज २०० रुपये दंड होत नाही.